न दुखणारी गाठ



आपल्या भाषेत दुखणे आणि आजार हे दोन शब्द जवळजवळ एकाच अर्थाने वापरले जातात. ‘दुखणे आले’ म्हणजे आजार आला, ‘दुखणेकरी’ म्हणजे आजारी माणूस. भाषेनेच या दोहोंचा असा मेळ घातल्यामुळे, जे दुखत नाही तो आजारच नव्हे, ही समजूत मनात नकळत घर करून बसते. नांदगाव पेठेतील दवाखान्यात आणि आसपासच्या खेड्यांत एक वाक्य वारंवार कानी पडते : “दुखत त नाई ना, मंग डाक्टरले कायले दाखवाचं?” पुष्कळ किरकोळ तक्रारींच्या बाबतीत या वाक्यात शहाणपण असते. स्तनातील गाठीच्या बाबतीत मात्र ते घातक ठरते. कारण स्तनाचा कर्करोग सुरुवातीच्या काळात बहुधा दुखत नाही. तो दुखू लागतो तेव्हा बराच काळ हातातून निसटलेला असतो.

या पंधरवड्याच्या लेखाचा विषय म्हणून मी हाच आजार घेतला आहे. तो नाजूक आहे आणि घरात मोठ्याने बोलला जात नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तो लिहून सांगणे मला आवश्यक वाटते.

वय झाले म्हणजे सुटका झाली, असे नाही

आज भारतातील स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे. जागतिक अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा आजार नव्याने झाल्याचे निदान झाले आणि ९८ हजारांहून अधिक स्त्रिया त्याने दगावल्या. या दोन आकड्यांतील अंतर जितके मोठे असायला हवे तितके ते नाही, याचे एक प्रमुख कारण म्हणजे आपल्याकडे रुग्ण फार उशिरा येतात.

पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे हा आजार काहीशा कमी वयात आढळतो, हे खरे. परंतु त्यावरून साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायकांनी निर्धास्त व्हावे, असा अर्थ काढणे चुकीचे आहे. मूल पाजण्याचे दिवस संपले, पाळी गेली, म्हणजे स्तनाचे सारे आजारही संपले, अशी अनेक आजीबाईंची समजूत असते. प्रत्यक्षात पाळी गेल्यानंतर स्तनात नव्याने आलेली गाठ अधिक गांभीर्याने घ्यावी लागते. तरुण वयात आढळणाऱ्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. पाळीच्या चक्राबरोबर येणाऱ्या-जाणाऱ्या गाठी, दुधाच्या गाठी किंवा पाण्याच्या गाठी यांचा त्यांत मोठा वाटा असतो. उतारवयात ही कारणे मागे पडतात आणि नव्या गाठीचे मूळ कर्करोगात असण्याची शक्यता वाढते. सत्तर वर्षांच्या स्त्रीच्या गाठीला ‘दुधाची गाठ’ म्हणून सोडून देता येत नाही.

घरात पूर्वी कोणाला हा आजार झाला नव्हता, याचाही फारसा आधार घेऊ नये. ज्यांना स्तनाचा कर्करोग होतो त्यांच्यापैकी बहुतेकींच्या घराण्यात तो आधी कोणालाच झालेला नसतो. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. पुरुषांनाही हा आजार होतो. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांमागे साधारण एक पुरुष असतो, आणि तोही बहुधा वयस्क असतो. आजोबांच्या स्तनाग्रामागे टणक गाठ लागली, तर तीही दाखवावी.

कोणत्या खुणा ओळखाव्यात?

पहिली खूण गाठीची. स्तनात किंवा काखेत नवी, टणक, कडा नीट न समजणारी आणि बोटांखाली सहजी न सरकणारी गाठ संशयास्पद समजावी. ती वाटाण्याएवढी असो वा लिंबाएवढी, दुखो वा न दुखो. मऊ आणि सरकती गाठसुद्धा स्वतःच्या मनाने निर्दोष ठरवू नये. तो निर्णय तपासणीनंतरच होतो.

दुसरी खूण कातडीची. स्तनाच्या आतील तंतू कातडीपर्यंत पोचलेले असतात. आतील गाठ त्या तंतूंना ओढू लागली की वरची कातडी एखाद्या ठिकाणी आत खेचली जाते आणि तिथे खळी पडते. हात डोक्यावर नेल्यावर ही खळी अधिक स्पष्ट दिसते. कधी कातडीतील सूक्ष्म रसवाहिन्यांचा मार्ग अडतो. मग कातडी सुजून जाड होते आणि केसांची छिद्रे ठळक दिसू लागतात. वैद्यकीय पुस्तकांत या खुणेला संत्र्याच्या सालीची उपमा दिलेली आहे. वरूड-मोर्शीची संत्री हाताळणाऱ्या आपल्या बायांना ती निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. स्तनाची कातडी तशी दिसू लागली, तर एक आठवडाही थांबू नये.

तिसरी खूण स्तनाग्राची. काही स्त्रियांचे स्तनाग्र जन्मापासूनच आत वळलेले असते. त्यात काळजीचे काही नाही. परंतु आयुष्यभर बाहेर असलेले एका बाजूचे स्तनाग्र हळूहळू आत ओढले जात असेल किंवा त्याची दिशा बदलली असेल, तर त्याला महत्त्व द्यावे. एकाच स्तनाग्रातून, न दाबता, आपोआप येणारा रक्तासारखा किंवा पाण्यासारखा स्राव हीसुद्धा दाखवण्याची खूण आहे. चोळीवर पडलेला लहानसा डागच पुष्कळदा तिची पहिली वर्दी देतो.

चौथी खूण फसवी आहे. स्तनाग्रावर खाज, खपल्या, ओलसर लाली येते आणि ती इसबासारखी दिसते. घरोघरी असलेली कसलीतरी मलमाची नळी मग महिनोन् महिने वापरली जाते. उन्हाळ्यात स्तनाखालच्या घडीत घामाने होणारे बुरशीचे चट्टे वेगळे. ते घडीत असतात, बहुधा दोन्ही बाजूंना होतात आणि योग्य औषधाने बरे होतात. स्तनाग्रापासूनच सुरू झालेली, एकाच बाजूची, मलमाने दोन-तीन आठवड्यांत न हटणारी लाली मात्र एका विशिष्ट प्रकारच्या स्तनकर्करोगाची खूण असू शकते.

शेवटची खूण आकाराची. दोन स्तन अगदी सारखे कोणाचेच नसतात. परंतु नेहमीचे पोलके एकाच बाजूला घट्ट होऊ लागले, एक स्तन वर ओढल्यासारखा किंवा आकसलेला दिसू लागला, एका बाजूची कातडी लाल आणि गरम झाली, तर कारण शोधावे. उतारवयात मूल पाजणे नसते, त्यामुळे स्तन लाल होऊन सुजला आणि प्रतिजैविकांच्या गोळ्यांनी उतरला नाही, तर ‘पू झाला असेल’ एवढ्यावर समाधान मानू नये.

या सगळ्या खुणांना जोडणारा धागा दोन शब्दांत सांगता येतो : नवे आणि एका बाजूचे. दोन्ही स्तनांत पसरलेली, कमी-जास्त होणारी ठणक सहसा कर्करोगाची नसते. स्तन एकाच जागी सतत दुखत असेल, तर तेही दाखवावे. पण दुखत नाही म्हणून दाखवायचे टाळू नये.

मुंबईच्या वस्त्यांनी शिकवलेली गोष्ट

‘आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना तपासून काय फायदा?’ असे विचारणाऱ्यांसाठी आपल्याच राज्यातील एक मोठा प्रयोग सांगण्याजोगा आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये शहरातील गरीब वस्त्यांत तो सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांतील स्त्रियांचे स्तन दर दोन वर्षांनी, एकूण चार वेळा, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केवळ हाताने तपासले. या सेविका डॉक्टर नव्हत्या आणि त्यांच्याजवळ मॅमोग्राफीचे यंत्रही नव्हते. उरलेल्या वस्त्यांतील स्त्रियांना कर्करोगाच्या खुणांची माहिती देण्यात आली.

वीस वर्षांच्या नोंदींनंतर २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या वस्त्यांत पुढच्या टप्प्यात सापडलेल्या कर्करोगांचे प्रमाण ३७ टक्के होते. इतर वस्त्यांत ते ४७ टक्के होते. आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तसा फायदा दिसला नाही. म्हणजे हाताने केलेल्या साध्या तपासणीचा लाभ ज्यांना मिळाला, त्या वयाने मोठ्या बायाच होत्या. त्याचे एक कारण समजण्यासारखे आहे. वय वाढते तशी स्तनातील ग्रंथींची दाटी कमी होते, स्तन मऊ पडतो आणि आतील टणक गाठ बोटांना लवकर कळते. याच कारणाने उतारवयात मॅमोग्राफीचे चित्रही अधिक स्पष्ट येते.

काळजी घेणाऱ्यांसाठी

आजी स्वतःहून सांगेल, या भरवशावर राहू नका. लाज हे त्याचे एक कारण आहे, पण ते एकच नाही. ‘पोराला खर्चात पाडायचे नाही’, ‘सोयाबीन निघू दे मग पाहू’, ‘नातीचे लग्न आटोपू दे’ अशी कारणे तिच्याजवळ तयार असतात. तिच्या आयुष्यातील प्रत्येक गोष्ट घरच्या कामांच्या मागे उभी राहत आली, तशी ही गाठही उभी राहते. काहींच्या बाबतीत नजर अधू झालेली असते, बोटांना सांधेवाताने संवेदना कळत नाही, किंवा विसरभोळेपणामुळे काल काय होते आणि आज काय आहे याची तुलनाच करता येत नाही.

म्हणून काही गोष्टी तुम्ही ध्यानात घ्या. आई एकाएकी पोलके स्वतःच धुऊ लागली, न्हाणीघराचे दार आतून लावून घेऊ लागली, एका बाजूचा पदर सतत सावरू लागली, अत्तर किंवा पावडर अधिक वापरू लागली, काखेत हात धरून बसू लागली, किंवा कपड्यांना न कळणारा दुर्गंध येऊ लागला, तर आत एखादी जखम लपवली जात असण्याची शक्यता विसरू नका. अशी जखम दिसलीच, तर पहिले वाक्य ‘इतके दिवस का लपवले?’ हे नसावे. त्या एका प्रश्नाने ती पुन्हा गप्प होईल. ‘बरे झाले सांगितले, उद्या सकाळी आपण दोघी जाऊ’ एवढे पुरे.

विचारण्याची वेळही साधावी लागते. चारचौघांत, जेवणाच्या पंगतीत हा प्रश्न विचारू नये. पाठीला तेल लावताना, न्हाऊ घालताना, वेणी घालताना ‘आई, काखेत किंवा छातीत काही हाताला लागते का?’ असे सहज विचारावे. सासू-सुनेत तेवढी मोकळीक नसेल, तर लेकीला किंवा गावातील आशाताईला मध्ये घ्यावे. अंथरुणाला खिळलेल्या किंवा विस्मृती झालेल्या स्त्रीला आंघोळ घालणाऱ्या व्यक्तीने महिन्यातून एकदा दोन्ही स्तन, स्तनाखालची घडी आणि काखा नीट पाहाव्यात. तिची संमती, तिच्याशी बोलत राहणे आणि अंगावर पांघरूण ठेवणे, एवढे सांभाळले की यात लाजिरवाणे काही उरत नाही.

पुरुषांनाही एक सांगणे आहे. आपल्या घरांत दवाखान्यात जाण्याचा निर्णय अजूनही बहुधा मुलगा किंवा नवरा घेतो. ‘बायकांचे काहीतरी असेल’ म्हणून विषय बाजूला टाकू नका. गाडी काढणारा तुमच्यापैकीच कोणीतरी असणार आहे.

स्वतः कसे पाहावे?

पाळी सुरू असलेल्या स्त्रीने पाळी संपल्यानंतरचे दिवस निवडावेत, असे सांगितले जाते. पाळी गेलेल्या स्त्रीने एखादी ठरलेली तिथी धरावी. महिन्याची चतुर्थी म्हटली तर विसर पडत नाही.

आरशासमोर उजेडात उभे राहावे किंवा बसावे. हात खाली सोडून, मग वर करून, मग कमरेवर दाबून, अशा तीन रीतींनी दोन्ही बाजू पाहाव्यात. त्यानंतर आडवे पडून, ज्या बाजूचा स्तन पाहायचा त्या बाजूचा हात डोक्याखाली घ्यावा आणि दुसऱ्या हाताच्या मधल्या तीन बोटांच्या सपाट भागाने गळ्याच्या हाडापासून स्तनाच्या खालच्या घडीपर्यंत आणि छातीच्या मध्यापासून काखेपर्यंत हळूहळू चाचपावे. चिमटीत धरून पाहू नये. तसे केल्यास स्तनाचा कोणताही भाग गाठीसारखा लागतो.

एक खुलासा येथे केला पाहिजे. चीनमधील शांघाय शहरात गिरण्यांत काम करणाऱ्या अडीच लाखांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात, स्वतः केलेल्या स्तनपरीक्षणाने मृत्यू कमी झाल्याचे आढळले नाही. म्हणून ही पाहणी म्हणजे तपासणीची जागा घेणारा उपाय समजू नये. आपले शरीर नेहमी कसे असते हे ठाऊक असावे आणि बदल झाला तर तो ओळखू यावा, एवढ्यासाठीच ती आहे. या महिन्यात काही लागले नाही म्हणून आरोग्यसेविकेकडून किंवा डॉक्टरांकडून होणारी तपासणी चुकवू नये.

गाठ लागली, तर पुढे काय?

शेकू नये, चोळू नये, लेप लावू नये, आणि आणखी एक महिना वाट पाहू नये. पाळी गेल्यानंतर आलेली नवी गाठ आठवडाभरात डॉक्टरांना दाखवावी. रक्तस्राव किंवा जखम असेल तर लगेच.

निदानाच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी. दुसरी, मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा क्ष-किरण फोटो, आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी. तिसरी, सुईने गाठीचा लहानसा तुकडा काढून केलेली तपासणी. या तिन्हींचा मेळ घालूनच निदान पक्के होते. ‘सुई लावली की कर्करोग पसरतो’ ही भीती गावोगावी आहे. या भीतीने तपासणी पुढे ढकलणे हेच खरे नुकसान आहे, कारण सुईच्या तपासणीविना आजाराचा प्रकार कळत नाही आणि प्रकार कळल्याविना योग्य औषध ठरत नाही.

तीस वर्षांवरील स्त्रियांची स्तनाची, तोंडाची आणि गर्भाशयमुखाची तपासणी हा सरकारी आरोग्यसेवेचा भाग आहे. आशाताईकडे किंवा जवळच्या उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, त्याविषयी विचारा. नांदगाव पेठेच्या परिसरातील वाचकांना अमरावती जवळ आहे. तेथील जिल्हा स्त्री रुग्णालय म्हणजे आपले डफरीन, आणि जिल्हा सामान्य रुग्णालय म्हणजे इर्विन. अकोल्याच्या वाचकांना सर्वोपचार रुग्णालय आहे. पुढील उपचारांसाठी नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आपल्या भागातील रुग्णांच्या परिचयाचे आहे. गुरुकुंज मोझरीच्या वाटेवर राहणाऱ्या आपणा सर्वांना हेही आठवत असेल, की राष्ट्रसंतांचे १९६८ मध्ये निर्वाण झाले ते याच दुर्धर रोगाने.

खर्चाची धास्ती खरी असते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी यांचा समावेश आहे. ही योजना २०१२ मध्ये जीवनदायी या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला अमरावती जिल्हा होता. याशिवाय २०२४ पासून ७० वर्षे व त्यापुढील सर्व ज्येष्ठांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. योजनेतील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेले असतात; आधी त्यांना भेटावे. जाताना आधार कार्ड, शिधापत्रिका, जुने कागद आणि चालू गोळ्यांची यादी सोबत न्यावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर ते आवर्जून सांगावे. मात्र त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

‘आता या वयात चिरफाड कशाला?’

हा प्रश्न प्रेमापोटी विचारला जातो, हे मी जाणतो. त्याचे उत्तर असे की, उपचार वयाकडे पाहून ठरत नाहीत. हृदय, मूत्रपिंडे, मधुमेह, चालण्या-फिरण्याची शक्ती आणि रुग्णाची इच्छा हे सारे पाहून ते ठरतात. उतारवयातील अनेक स्तनकर्करोग संप्रेरकांवर वाढणारे असतात. अशांना संप्रेरकविरोधी गोळ्या उपयोगी पडतात. त्या दीर्घकाळ घ्याव्या लागतात, पण घरी राहून घेता येतात. लवकर सापडलेल्या गाठीसाठी पूर्ण स्तन काढावाच लागतो असेही नाही. पुष्कळदा गाठ आणि तिच्या भोवतालचा भाग काढून किरणोपचार देता येतात.

आणि उशिराचा हिशोब तर स्पष्ट आहे. भारतातील कर्करोग नोंदणी केंद्रांच्या अभ्यासानुसार, आजार स्तनापुरता असताना निदान झालेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ऐंशी पाच वर्षांनंतर हयात होत्या. तो शरीरात दूरवर पसरल्यानंतर निदान झालेल्यांत हे प्रमाण शंभरात वीसहूनही कमी होते. शिवाय प्रश्न केवळ किती वर्षे जगलो एवढाच नसतो. उपचारांविना चिघळलेली जखम, सुजलेला हात, हाडांतील वेदना यांच्या सोबतीने काढलेले शेवटचे दिवस हीच ‘चिरफाड’ टाळण्याची खरी किंमत असते. उपचार न घेण्याचा निर्णय कोणी पूर्ण माहितीनिशी घेतला, तर त्याचा आदर करू. पण तो निर्णय तिचा स्वतःचा असावा, आणि निदान झाल्यावर घेतलेला असावा.

हा अंक घरात आला आहे, तर आजीला हे पान वाचून दाखवा. तिची शेवटची स्तनतपासणी कधी झाली, हे विचारा. कधीच झालेली नसेल, तर येत्या पंधरा दिवसांतील एक दिवस आजच ठरवा. बहुतेक घरी उत्तर ‘काही नाही, सारे ठीक आहे’ असेच येईल, आणि तसे यावे हीच इच्छा. ज्या एखाद्या घरी ते तसे येणार नाही, तिथे हे पंधरा दिवस फार मोलाचे ठरतील.